सपाट माथ्याची लाट

दळणाच्या सुट्ट्या पैशांचा डबा फोडला तेव्हा
त्यात नऊ हजार सहाशे निघाले, आणि एक बटण.

गिरणीवाल्याला ऑसिलोस्कोप कशाला,
असं प्रमिलानं विचारलं नाही.
तिनं विचारलं, "पिठात टिकन का थो?"

आमच्याकडं सगळंच पिठात असतं.
रेडिओ, मीटर, माझ्या पापण्या.
वजनकाट्यामागं सोल्डरिंगचं टेबल,
वर टिन, मे महिन्यात सत्तेचाळीस,
आणि आत पंखा फिरणारी कुठलीही वस्तू
दिवाळीपर्यंत कणकेचा गोळा.

मोबाइलएवढा एक पाहिला. स्वस्त.
बटणं पापडासारखी. दाबली, बसली, उठलीच नाहीत.

सीताबर्डीत कोरा करकरीत होता, रंगीत पडद्याचा.
दुकानदार मेगाहर्ट्झ सांगत राहिला, शंभर, दोनशे,
सोयरिकीत एकर सांगतात तसे.
माझी दुनिया पन्नास हर्ट्झची,
फार तर चार्जरच्या पोटातली बारीक कुरकुर.
चहा पिऊन परत आलो.

मग दिग्रसला कळलं,
एका बंद पडलेल्या तंत्रनिकेतनाचं सामान निघालंय.
किल्ल्या अजून कुळसंगे सरांकडेच.

तिथं तो होता, काचेच्या नळीचा, हिरव्या रेघेचा,
दोन पायली ज्वारीएवढा जड.
जीव त्याच्यावरच गेला, खोटं कशाला बोलू.
सर म्हणाले, "नळी गेली का
खोकं कोंबड्यायले ठेवजो."

बाजूला राखाडी डिजिटल. कोपरा फुटका,
दोन डोळ्यांतला एक मेलेला,
पण आत पंखाच नाही.
एकेक खुंटी फिरवली, अडत नाही ना.
प्रोब लावायचं पितळी तोंड हलवून पाहिलं.
खिडक्या बंद करून दोन तास चालू ठेवला
आणि नाक लावून बसलो.
जळका वास आला नाही.
सर हसले. "पोरगी पाह्याले आला काय बे?"

सात हजार.
एसटीत मांडीवर, दोन उशांच्या खोळींत.
प्रमिलानं मच्छरदाणीची दुहेरी पदर घेऊन टोपडं शिवलं,
पाठीची भोकं उघडी ठेवून. ते तिला मी सांगितलं नव्हतं.

पहिल्या रात्री गावाची वीज पाहिली,
थेट नव्हे, घंटेच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून,
मला चार पोरी आहेत.
पुस्तकातली लाट गोल असते.
आमची माथ्यावर सपाट निघाली,
ओझी वाहून डोकं बसलेल्या बाईसारखी.
बोर्डाला शिव्या दिल्या, बरं वाटलं.

शेजारच्या शेवंताबाई कावरे
सहा वर्षं एकच सांगत,
"तुई गिरणी लागली का माया बल्ब पेंगते."
सहा वर्षं मी एकच सांगे,
"बाई, हे वरून येते."

सकाळी यंत्र चालू ठेवून
मोटारीचं हिरवं बटण दाबलं.

लाट खाली बसली.
औत ओढता ओढता बैल बसतो तशी,
मग धापा टाकत उठली.
बंद केली, पुन्हा दाबली. पुन्हा बसली.
पाच वेळा. दळणाला आलेल्या बाया
डबे घेऊन बघत राहिल्या.
वहीत लिहिलं: दोनशे अठ्ठावीसचे एकशे एकाहत्तर.
खाली तारीख टाकली. सही करायचं मनात आलं.

तसाच पांढऱ्या भुवयांनी कावऱ्यांच्या दारात गेलो.
"बाई, तुमचं खरं व्हतं. मशीनवर दिसलं."

त्या तांदूळ निवडत होत्या.
मान वर न करता म्हणाल्या,
"मी त बिना मशीनचीच सांगून राह्यली व्हती."

आता स्टार-डेल्टा स्टार्टर घ्यायचाय.
भाव काढला, बराच आहे.
डबा रिकामा होता,
मी त्यात ते बटण टाकलं.